विनूची पेशी

विजय नगर, जबलपूर
१८ नोव्हेंबर २०१८

चि. विनूस,
अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. थंडी पडू लागली, बाबांनी मफलर काढला. फोनवर बोलू लागले की ते शेजारी येऊन बसतात, म्हणून कागद घेतला.

आधी गंमत ऐक. परवा गढ्याहून तुझ्या बेबीआत्या धापा टाकत आल्या. "वहिनी, विनूची पेशी आहे म्हणे! आमाले काहून नाही सांगितलं? काय केलं पोरीनं?"

झालं असं, की बाबांनी कॉलनीत कौतुकाने सांगितलं होतं, "बेटी पेशी का काम करती है." या हायकोर्टाच्या गावात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख! शेजारचे वकीलसाहेब तर म्हणाले, "भाभीजी, फीस नहीं लूंगा." हसून हसून माझी पुरेवाट झाली.

मग आत्याबाईंना बसवून सांगितलं, तू दिवाळीत मला सांगितलंस तसं. श्वासनळीचं आतलं अस्तर ज्या पेशींचं, त्या तुम्ही प्रयोगशाळेत वाढवता. उंदरांपासून येणारे काही विषाणू त्यात हवेच्या बाजूने फारसे शिरत नाहीत, खालच्या बाजूने मात्र सहज शिरतात. ते कसे, हे तू शोधतेस. पेशींवरचे ते बारीक केस मोबाइलवर दाखवलेस ना, वाऱ्यावरच्या धानासारखे हलणारे, तेही सांगितले. आत्याबाईंनी छातीवर हात ठेवला. "हे आपल्या आत चालू असते? अन् आपली विनू ते पाहून राहिली?" विनू, मला फार अभिमान वाटला गं.

बाबा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "वकीलच व्हायला पाहिजे होती. कोर्टातून पोरगी घरी तरी येते."

सप्टेंबरात तुला ताप आला, प्रयोगशाळेतल्या विषाणूचा तर नाही ना म्हणून तिथे वेगळं ठेवलं. साधा फ्लू निघाला, पण त्यांची झोप उडाली ती उडालीच. इथल्या कॉलेजात जागा निघाली आहे. काम सोडून ये, असं मी तुला लिहावं म्हणून मागे लागलेत. "तुझा शब्द ती मोडणार नाही," म्हणतात.

खरंच मोडणार नाहीस. म्हणूनच तो शब्द मी टाकत नाही.

भीती मलाही वाटते. तुझा फोन उशिरा आला की मोबाइल हातात धरूनच बसते. पण इतक्या चिकाटीने काम करणारं माणूस मी आपल्या घरात दुसरं पाहिलं नाही. हातमोजे, मास्क नीट घाल. काम सोडून येऊ नकोस.

आज खाली नेहमीसारखं 'आई-बाबा' लिहीत नाही.

तुझी
आई