वजिरावरचा दोरा

तीर्थस्वरूप मामांस,

शिवणयंत्रावर पाय आणि बुद्धिबळाच्या पटावर डोळा ठेवून बसलेल्या भाचीचा साष्टांग नमस्कार. तब्येत कशी आहे? डोळ्यांचं ऑपरेशन झालं का? घाई करू नका, डॉक्टरांना काय, घाईच असते. दुपारी झोप येते ना अजून? (सहज विचारलं.)

तर मामा, मी ग्रँडमास्टर होणार. या वयात हे काय खूळ, असं आई म्हणते. पण पट शिकवलात तुम्ही, आता भोगा. शिकवणीचे सर माझ्याहून पुष्कळ लहान आहेत. ते म्हणाले, तासन्‌तास बसून डोकं चालवायला दम लागतो, म्हणून मी रोज सकाळी पळते. पहिल्या दिवशी गिऱ्हाइकांना वाटलं, बाई कपडे न देताच पळाली, आणि दोघं मागे लागले. (तो वेग पुन्हा कधी आला नाही.) कापड बेततानाही मी चाली पुटपुटत असते. त्या नादात एका वकिलांच्या कोटाला दोन्ही बाह्या उजव्या लागल्या. वकील तेव्हापासून गप्प आहेत, आणि वकिलाने गप्प असणं काही बरं नव्हे.

हे सगळं चालायचंच, पण गेल्या स्पर्धेत जे झालं ते मनाला लागलं. डाव हातात आलेला, आणि माझ्या काळ्या वजिरावर एक पांढरा दोरा. जन्मभर लोकांच्या कपड्यांवरचे दोरे वेचलेला हात. दोरा चिमटीत आला आणि वजीरही. पंच धावले. हात लागला ती सोंगटी चालवायचीच, असा नियम. वजीर नेईन तिथे मरत होता. मला रडू आलं, मामा. पंचांच्या कॉलरवरही एक दोरा होता, तो मात्र मी काढला नाही.

आता सर पटावर दोरे पसरून सराव घेतात. मी हात मांडीखाली दाबून बसते. परवा एकदाच हात सुटला, तोही सरांच्या मिशीकडे. पण आता माघार नाही.

लोभ आहेच, पटावर तो बाजूला ठेवावा.

तुमची भाची

ता. क. निवड स्पर्धेच्या जोड्या लागल्या. पहिल्याच फेरीत माझ्यासमोर तुम्ही आहात, आणि हरणारा घरी. (वरची चौकशी निर्मळ मनाचीच होती.) मागणं एवढंच, की तो लोकरीचा मफलर घालून येऊ नका, त्याचे धागे अर्ध्या पटावर पडतात. सोबत गुळगुळीत कापडाचं जाकीट पाठवलंय.

ता. क. दुसरा. "दादा, पोरीला जिंकू दे," असा आईचा फोन आला असेल. ऐकू नका. लहानपणी तुम्ही मुद्दाम वजीर फुकट द्यायचात, ते मला तेव्हाही कळायचं. आता दिलात तर मी घेणार नाही.

ता. क. तिसरा. वरचं शेवटचं वाक्य खोडलं समजा. दिलात तर घेईन. मला ग्रँडमास्टर व्हायचंय.