सूचक हवा

बोरीवली

प्रिय दत्ता,

बाकावर बोटांची पेरं आपटून तू धरायचास तो ठेका आज सकाळपासून कानात वाजतोय. परळची म्युनिसिपल शाळा, कवितेचा तास. पहिली ओळ तुझी, दुसरी माझी. पुढे पक्षातही तेच झालं बघ. तिकीट वरून यायचं, कोणाला ते आपल्याला वर्तमानपत्रातून कळायचं आणि अर्जावर सूचक दत्ताराम, अनुमोदक श्यामकांत. उमेदवार बदलले, आपला क्रम नाही.

यंदा पक्षाने राज्यभरासाठी आपली घटना दुरुस्त केली: वॉर्डाचा उमेदवार वॉर्डातल्या सभासदांनीच मतदानाने निवडायचा. मी लहान पोरासारखा हरखलो. तेवढ्यात कळलं, तुझा हर्षद उभा राहतोय. आणि संध्याकाळी माझी सून दर्शना म्हणाली, मीपण. नाक्यावर चहा पिताना तू म्हणालास, "ही दुरुस्ती नाही रे, दोन घरांत घातलेली भिंत आहे." अर्धा कप ठेवून गेलास, तेव्हापासून फोन उचलत नाहीस. तुझ्याशिवायचा चहा म्हणजे यमक चुकलेली ओळ.

घरातला माणूस सूचक चालत नाही, हा नियम तुला ठाऊक आहेच. दर्शनाने शेजारपाजारचे उंबरे झिजवले. सगळ्यांचं एकच: आधी त्या दोन म्हाताऱ्यांची कट्टी सुटू दे, मग सही. हर्षदलाही म्हणे हेच ऐकावं लागलं. उद्या मुदत संपतेय. आज जेवताना ती म्हणाली, "बाबा, काकांना दुखवून मला नगरसेविका व्हायचं नाही. मी अर्ज भरत नाही." जिने महापालिकेत भांडून आपल्या गल्लीला पाणी आणलं, ती आपल्या रुसव्यापायी मागे सरतेय. मी ताटावरून तसाच उठलो.

म्हणून लिहितोय. मी हर्षदचा सूचक होतो, तू दर्शनाचा हो. मत ज्याचं त्याच्यापाशी. मी सुनेलाच देणार, तू खुशाल लेकाला दे. जिंकेल त्याने हरणाऱ्याच्या घरी पापलेटं घेऊन यायचं. हे पत्र दर्शनाच्याच हाती धाडतो, म्हणजे तुला दार लावून घेता येणार नाही.

थांब. बेल असताना कोणीतरी दारावर पेरांनी ठेका धरलाय. दर्शनाने दार उघडलं. मेल्या, लिफ्ट बंद असताना हे गुडघे घेऊन चढलास? धापा टाकत हर्षदचा अर्ज माझ्या या कागदावरच ठेवलास आणि तिला विचारतोयस, "तुझा कुठाय गं?"

तुझाच अनुमोदक,
श्याम