पारोळच्या वळणावरचं कुत्रं

१२ जुलै २००३, शनिवार
नातू कल्पेशला कुठून तरी मिळालेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. चौथी शिकलेल्या बाईला पुरे. कोणी वाचायची नाही.

नातू आज जेवताना म्हणतो, सत्तावीसच्या रविवारी सगळे मित्र मोटरसायकली घेऊन वज्रेश्वरीला जाणार. शिरसाडवरून आत, पारोळवरून. चार गाड्या. मी म्हटलं, एवढ्या पावसात? म्हणतो, आजी, पावसातच तर मजा. श्रावणाच्या आधीचा शेवटचा रविवार, म्हणजे गटारी. देवीचं नाव पुढे करतात. मी काय काल जन्मले?

मला भीती वगैरे नाही. चिखलाचे कपडे धुणार कोण, एवढंच माझं म्हणणं. नथूचा याच्याशी काही संबंध नाही. माझा मुलगा नथू बारा वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर गेला, पारोळच्या पुढच्या वळणावर, स्कूटर घसरून. असाच आषाढ होता. पण ते वेगळं. तेव्हा रस्ता खराब होता.

आता जास्त खराब आहे.

ठरलं. ट्रिप होणार नाही. पोरगं माझ्या हातातलं आहे.

१४ जुलै
प्लॅन सुरू. पोटात दुखतं. आजारी आजीला टाकून हा जाणार नाही. आत्तापासूनच दुखलं म्हणजे सत्तावीसपर्यंत खरं वाटेल. संध्याकाळी दोनदा विव्हळले. सून यमुना कामावरून आली ती सरळ चुलीकडे. पेज करून दिली. बिनमिठाची.

१६ जुलै
पेज.

१७ जुलै, दुपारी
घरात कोणी नाही बघून सुकट भाजायला घेतली. श्रावण लागला की महिनाभर बंद, मग आजारी माणसानं खायची कधी? वास पार उमेळ्याच्या नाक्यावर गेला असणार. कल्पेश लवकर घरी आला. दारातूनच म्हणाला, आजी, पोट बरं झालं वाटतं. मला पण वाढ.

वाढली. काय करणार. कांदा घालून चांगली झाली होती.

१९ जुलै
गाडीची चावी तांदळाच्या डब्यात पुरली. चावी नाही तर गाडी नाही, साधी गोष्ट. आधीच सुचायला हवं होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
गाडीला दोन चाव्या असतात. हे मला कोणी सांगितलं नाही.

यमुनेला तांदूळ मापताना सापडली. हातात धरून म्हणते, आई, कीड लागू नये म्हणून ठेवलीत का? हिचा नवरा त्या रस्त्यावर गेला आणि ही पोराला एका शब्दानं अडवत नाही. गाडी घेऊ दिली तीसुद्धा एवढ्याच बोलीवर की डोक्यावर हेल्मेट हवं. स्वतः जाऊन आणलं. काळं पातेलं. पातेलं घातल्यावर काय रस्ता सुधारतो?

२१ जुलै
होळी गावात गेले. आग्नेल हा या सगळ्याचा मुकादम, म्हणून त्याच्या आईला, ॲनीला गाठलं. ती वाडीत भेंडी काढत होती. म्हटलं, ॲनी, पोराला आवर. ती म्हणाली, रंभाबाय, मी पण चार दिवस तंटा केला. ऐकत नाहीत. मग म्हटलं, जाताय तर आधी फादरकडून गाड्यांना आशीर्वाद घ्या. रविवारी मिस्सानंतर घेतला. तुमच्या कल्पेशच्या गाडीवर पण पाणी शिंपडलं.

मला घरी पत्ता नाही. मी म्हटलं, पाणी चांगलंच ग, पण या पावसात ते धुऊन नाही जात? ती म्हणाली, आणि गाडी आली तेव्हा तुम्ही लावलेली हळद काय ऑइलपेंटची?

तिला तोंड आहे. गप्प करायला गेले होते, दुधी घेऊन आले.

२३ जुलै
आता पक्का प्लॅन. हा फुकट जाणार नाही.

देवीचं नाव त्यांनीच काढलंय ना? सांगायचं, मला वज्रेश्वरीची ओटी भरायची आहे, नवस आहे, मला पण न्या. सत्तरीची म्हातारी मागे घेऊन कोण पोरगा गटारीला जाईल? लाजेनं आपणच कॅन्सल करतील. मी कुठे अडवलं? मी तर निघाले होते.

आधीच हे करायला हवं होतं. पेज तरी वाचली असती.

२४ जुलै
आग्नेल आणि जितेंद्र घरी आले तेव्हा सांगितलं. जितेंद्र हा फ्लॅटवाला, मुंबईला नोकरीला, मराठी बोलता बोलता हिंदीत घसरतो. तो ओरडला, आजी, एकदम झकास, अपने ग्रुप की लेडी रायडर! आग्नेल म्हणाला, आजी पुढच्या गाडीवर, बाकी सगळे मागे. कल्पेशनं मला उचलून गोल फिरवलं.

मी हसले. तोंडावर दुसरं काही आणायला वेळच मिळाला नाही.

२६ जुलै
विचार केला. हेच बरं झालं. मी मागे बसले म्हणजे हा हळू चालवणार. माझ्या मुठीत त्याचा शर्ट. वळणाच्या आधी चिमटा काढायचा, की स्पीड कमी. खरं म्हणजे मनात पहिल्यापासून हेच होतं.

यमुनेनं ओटीचं सामान बांधून दिलं. खण, नारळ, तांदूळ. एवढंच म्हणाली, दोघं परत या. दिवसभर पाऊस. झोप छान लागेल.

२७ जुलै, पहाटे
झोप लागली नाही. डास.

निघतोय. एकच हेल्मेट. ते माझ्या डोक्यावर चढवलं. अंबाडा सोडावा लागला, आत घामाचा वास, कान दाबले. कल्पेशनं स्वतःच्या डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधली. चौथ्या गाडीवरच्या मायकलला वाटलं मी एका अंगावर बसणार. लुगड्याचा काष्टा कशाला असतो? दोन बाजूंना दोन पाय टाकून बसले. सगळे टाळ्या वाजवतात.

सगळं माझ्या मनासारखं जमलंय.

२९ जुलै
डाव्या हातानं लिहितेय. अक्षर कोंबडीचं. आधी फार वेगळं होतं अशातला भाग नाही. उजवं मनगट प्लास्टरमध्ये.

जाताना शिरसाडपर्यंत हायवे, तिथवर ठीक. मग आतला रस्ता. एक वळण संपलं की दुसरं. झाडं दोन्ही बाजूंनी अंगावर आलेली, रस्त्यावरून लाल पाणी. मी चिमटे काढत होते. तो म्हणाला, आजी, सायकलवाला पुढे गेला, आता किती हळू? पारोळच्या पुढे मी डोळे मिटले. ते वळण कधी गेलं कळलं नाही. न बघितलेलं बरं. संबंध नाही.

देवीची ओटी भरली. खाली टपरीवर चहा घेतला. पोरं दारू प्यायली नाहीत. भजी खाल्ली, एकमेकांना चिखल लावला. मी विनाकारण संशय घेतला असं म्हणवत नाही, मी होते म्हणून प्यायली नाहीत.

चहा पिताना कल्पेशनं ती पिशवी काढून झटकली. केसांतून पाणी गळत होतं. मी हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. तेव्हा डोक्यात आलं. अर्धा रस्ता झाला होता. सुनेनं पोराच्या डोक्यासाठी आणलेलं मी घालून आले. मी मागे बसले नसते तर ते त्याच्या डोक्यावर असतं.

म्हटलं, तू घाल. म्हणाला, तुझं डोकं फुटलं तर मम्मी मला घरात घेणार नाही. म्हटलं, माझं फुटून सांडणार काय आहे? घाल. ऐकेना. पुन्हा माझ्याच डोक्यावर चढवलं. आग्नेलला सांगितलं, तो म्हणाला, आजी, तुला छान दिसतं.

येताना पाऊस वाढला. मी हेल्मेट काढून पोटाशी धरलं होतं. त्याला कळलं नाही. पारोळ जवळ आलं. या वेळी डोळे मिटता येईनात. वळण दिसलं. तोच आंबा, तोच उतार. त्याचं उघडं डोकं माझ्या नाकासमोर.

मी मागून घातलं.

नीट बसलं असतं तर प्रश्न नव्हता. उलटं बसलं. त्याचे डोळे झाकले. तो ओरडला, आजी, काढ! मी जास्त दाबलं.

गाडी रस्ता सोडून शेतात. बाया भाताचं आवण लावत होत्या. एकीनं आम्हांला बाहेर ओढायच्या आधी पहिलं विचारलं, आमच्या आवणाची भरपाई कोण देणार? बरोबरच होतं तिचं. कल्पेश चिखलात बसून स्वतःचे हातपाय बघत होता. एक ओरखडा नाही. मी त्याचं डोकं चाचपत होते. तो म्हणाला, आजी, तुझा हात बघ आधी. बघितला तर मनगट भलत्याच बाजूला.

मला कोणाच्या तरी टेम्पोतून आणलं. चारही गाड्या मागून, सायकलीच्या स्पीडनं.

३० जुलै
कल्पेशनं यमुनेला सांगितलं, कुत्रं आडवं आलं. शेजारची विचारायला आली तिला मी सांगितलं, काळं होतं, कान तुटलेला, असं मोठं. ती म्हणाली, त्या बाजूला कुत्री फार.

यमुना चहा ठेवत होती. वळून बघितलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार
श्रावण. सुकट नाही. हात ठणकतो.

पोरं आज पुन्हा निघाली. गेल्या वेळी धबधबा राहिला म्हणे, चिंचोटीला. मी पोटात दुखायला सुरुवात करणार होते, पण कोणाला खरं वाटलं नसतं. एका हातानं चावी लपवता येते, पण चाव्या दोन. मागे बसायला प्लास्टर आडवं येतं. म्हणजे सगळे प्लॅन संपले.

आग्नेल ओट्यावर आला, हात बघितला, यमुनेकडे तोंड करून म्हणाला, काकी, आज काळजी करू नका. कुत्रं आज घरीच आहे.

यमुना हसली. बारा वर्षांत तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. मग पुढे होऊन तिनं कल्पेशच्या हनुवटीखालचा पट्टा लावला. आवाज आला, टक. मी तिला पुन्हा एकदा लावायला सांगितलं. तिनं काढून पुन्हा लावला.

मी नसले की हेल्मेट त्याच्या डोक्यावर असतं. लिहून ठेवते, विसरायला नको.

मला भीती नाही. आधीही नव्हती.

संध्याकाळी
पाऊस वाढलाय. अजून आले नाहीत. यमुना दार लावायला उठली, झड आत येते म्हणून. तिच्यावर ओरडले. ती दार तसंच ठेवून माझ्याजवळ येऊन बसली.