दोन भोवरे

४ मार्च
आज दोन्ही स्पष्ट दिसले. उपग्रहाच्या चित्रात समुद्र दोन ठिकाणी वीतभर फुगलाय— पाणी एकाच दिशेने गरगरतंय. मोठा भोवरा दीडशे किलोमीटर रुंद, धाकटा निम्मा. आणि दोघांच्या मधोमध तेल काढणारी रिग. प्रवाहांचा अंदाज त्यांना आमचंच ऑफिस देतं. माझा दादा त्या रिगवर मुकादम आहे.

५ मार्च
अंतर आणखी घटलं. साहेब म्हणाले, "बाजूने निघून जातील. उगाच बाऊ करू नका."
कसे जातील? एकाच दिशेने फिरणारे भोवरे इतके जवळ आले की सुटत नाहीत! एकमेकांभोवती फिरतात, मग मोठा धाकट्याला गिळतो. धाकट्याचा जोर मोठ्याच्या अंगात जातो. कडेचं पाणी सुसाट पळतं— आणि रिगचा पाइप त्याच पाण्यात दीड किलोमीटर खोल उभा.

७ मार्च
दादाचा फोन. "पाणी एकदम निळंशार झालंय गं. प्रवाहाच्या जोराने पाइप गुणगुणतोय!" हसत होता. म्हटलं, पाइप वर घे. "तुझ्या ऑफिसचा कागद येऊ दे. बहिणीच्या शब्दावर रिग थांबत नाही, वेडाबाई."

८ मार्च
साहेबांशी वाजलं! म्हटलं, सगळं ठीक आहे असं लिहून देणार नाही. माझा भाऊ आहे तिथे! "म्हणूनच तुमचं डोकं ठिकाणावर नाही." फाइल आपटून निघून आले.

९ मार्च
धाकटा लांबट झालाय, पिळलेल्या फडक्यासारखा.

१० मार्च
एकच उरला.

११ मार्च
दुपारी पाइप तुटला. त्या हिसक्याने तिघं पाण्यात. दोघं सापडले. दादा नाही.

१५ मार्च
शोध थांबवला. आई साहेबांच्या नावाने तळतळाट करतेय. वहिनी रडली नाही. माझा हात घट्ट धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "हिने जीव तोडून सांगितलं हो. कुणी ऐकलं नाही." मी हात सोडवून घेतला नाही.

१९ मार्च
चौकशीत कागद निघाला. आठ तारखेचा. 'भोवरे दूर जातील. काम चालू ठेवण्यास हरकत नाही.' खाली माझी सही.
खरी आहे. भांडण झालंच नव्हतं. साहेबांनी कागद पुढे सरकवला, मी सही केली— आणि घरी येऊन इथे भांडण लिहिलं.