सुटका झालेल्या आजींची पुन्हा सुटका

मी, धन्यकुमार बाबगोंडा मगदूम, वय एकाहत्तर, राहणार विश्रामबाग, सांगली, चाळीस वर्षे जनसंपर्काचा व्यवसाय केलेला इसम, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. हे वाक्य मी आजवर अनेकांच्या तोंडी घातले. खरे म्हणून पहिल्यांदाच लिहितो आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो का लागला, ते पुढे येईल.

१. राहता फ्लॅट व बँकेतील सर्व ठेव पत्नी त्रिशला हिला. तिने माझे एकही प्रसिद्धीपत्रक शेवटपर्यंत वाचले नाही. "तुमचं वाचलं की वाटतंय, ह्या जिल्ह्यात सगळी देवमाणसंच ऱ्हात्यात. मग रस्त्यात एवढं खड्डं कुणी पाडलं?" असा तिचा प्रश्न असे.

२. साताऱ्याची शाखा कोणालाच देता येत नाही, कारण ती नव्हती. लेटरहेडवरचे 'विभागीय कार्यालय, सातारा' म्हणजे एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातले एक टेबल. दुपारी त्यावर दुकानदार डबा खात असे.

३. 'जनसंपर्क भूषण' हा पुरस्कार व इतर सहा ढाली भंगारात द्याव्यात. पुरस्कार देणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष मीच होतो, निवड समितीतही मीच. "हा सन्मान अनपेक्षित आहे," असे मी भाषणात म्हणालो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कार्यालयात व्यवसायाची आचारसंहिता फ्रेम करून लावली आहे. पहिला नियम: 'असत्य प्रसिद्ध करणार नाही.' मसुदा माझाच. फ्रेम काढू नये. तिच्यामागे भिंतीला ओल आली आहे.

४. आता ज्यासाठी हा कागद लिहायला बसलो ते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात धैर्यशीलदादा नावाच्या एका होतकरू पुढाऱ्याचे काम माझ्याकडे होते. आम्ही रबरी बोट घेऊन नदीकाठच्या एका गावात पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि वाचवायला कोणी शिल्लक नव्हते. ज्योतिबा नावाच्या टेंपोवाल्याने प्लॅस्टिकच्या पिंपांचा तराफा बांधून सकाळीच अख्खी गल्ली बाहेर काढली होती. दादा वैतागले. "मगदूम, एक तरी माणूस बघा की!"

उंचावरच्या शाळेत गोदावरीबाई चहा पीत बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या, एकट्या. मी म्हणालो, "आजी, जरा परत घरापर्यंत येता का? पाच मिनिटांचं काम आहे."

"आवं, आत्ताच तर आले न्हवं मी?"

"घरातलं काही राहिलं असेल तर घेऊन येऊ."

त्यांचा चेहरा उजळला. "देव ऱ्हायल्यात माझं. देव्हाऱ्यात."

देवांसाठी त्या बोटीत बसल्या. घरातून त्यांना बोटीत उतरवून घेताना पहिल्या वेळी फोटोत उन्हाची तिरीप आली. दुसऱ्या वेळी दादांचे डोळे मिटले. "आजी, अजून एकदा," असे मी म्हणालो. दुसऱ्या कोणी नाही, मीच. तिसऱ्या वेळी घराच्या जिन्याच्या ओल्या पायरीवरून त्यांचा पाय सरकला आणि खुब्याचे हाड मोडले. त्या किंचाळल्या, दादांनी त्यांना सावरले, आणि नेमका तोच फोटो उत्तम आला. त्याखाली मी लिहिले: 'मृत्यूच्या दाढेतून सुटका होताच आजींना अश्रू अनावर.'

तो फोटो सगळीकडे छापून आला. पुढे निवडणुकीत दादा निवडून आले. देव पाण्यातच राहिले.

फोटो छापून आल्यावर दहा दिवसांनीच ज्योतिबा कार्यालयात आला होता. "साहेब, माझं नाव नगं. पर आजीला आदी कुणी आणलं आनि परत कुणी न्हेलं, त्येवढं खरं लिवा."

मी म्हणालो, "बातमी शिळी झाली."

"बातमी शिळी झाली व्हय? आजीचं हाड अजून ताजंच हाय."

त्या रात्री नव्हे, पण त्या आठवड्यात मी एक खुलासा लिहिला आणि ओळखीच्या संपादकाकडे नेला. तो हसला. "खुलासा जाहिरातीच्या दराने. ही पद्धत तूच पाडलीस ना?" दादांचे काम चालू होते. खुलासा मी खिशात घालून परत आणला. इथे 'परिस्थितीमुळे' असा शब्द मी इतरांसाठी वापरत असे. माझ्यासाठी 'भित्रेपणामुळे' असे वाचावे.

गेल्या महिन्यात गोदावरीबाईंना भेटायला गेलो. वॉकर धरून चालतात. भिंतीवर तोच फोटो, पेपरातला कापलेला. दादांची बाजू मागे दुमडलेली. म्हणाल्या, "उभ्या जल्मात ह्यो एकच फोटो निघाला माझा. रडतीया, पर मीच हाय." मग थोड्या वेळाने, "तुमी खरं कवा सांगणार?"

"आजी, मृत्युपत्रात लिहून ठेवतो. मेल्यावर सगळ्यांना कळेल."

"कुणी मेल्यावर? तुमी, का मी?"

परतताना पेपरच्या जाहिरात विभागात गेलो. रविवारी अर्धे पान, माझ्या पैशाने, माझ्या नावाने, वरचे सगळे छापून आले.

५. कार्यालयाचा गाळा मुलगा आर्जव यास. तो पुण्यात माझाच धंदा करतो. त्याला 'इमेज मॅनेजमेंट' म्हणतो. धैर्यशीलदादा आता त्याचे गिऱ्हाईक आहेत. सोमवारी त्याच्याकडून पत्रक निघाले: 'ज्येष्ठ जनसंपर्कतज्ज्ञ मगदूम यांची स्मरणशक्ती वयोमानानुसार क्षीण झाली असून त्यांच्या विधानांकडे सहानुभूतीने पाहावे.'

मी फोन केला. तो म्हणाला, "अण्णा, क्लायंट आहे. पर्सनली घेऊ नका."

पत्रक मी दोनदा तपासले. बदलावा असा एकही शब्द नाही. 'सहानुभूतीने' तर मलाही सुचला नसता. या मृत्युपत्राला आव्हान द्यायचे असल्यास आर्जवने तेच पत्रक स्वतःची सही करून कोर्टात द्यावे. आमच्या धंद्यात पत्रकावर कोणी सही करत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

६. माझ्यामागे शोकसभा, फ्लेक्स, श्रद्धांजलीची जाहिरात नको. 'निधनाने पोकळी निर्माण झाली' असे मी इतक्या जणांबद्दल लिहिले की एव्हाना जिल्ह्याची चाळण व्हायला हवी होती.

७. ज्योतिबाला मी काही देत नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणाले. आणि विचारले तेव्हा त्यानेही हात जोडले.

वरील मजकूर मी मोठ्याने वाचून पाहिला, त्रिशलाने पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकला, आणि त्यातले काहीही सुधारण्याची गरज तिला वाटली नाही.

ठिकाण: सांगली
दिनांक: ९ जानेवारी २०२५

सही: ध. बा. मगदूम

साक्षीदार:
१. डॉ. कीर्ती चौगुले, सांगली. मगदूम यांना मी आज तपासले. स्मरणशक्ती चांगली आहे; झोप कमी आहे.
२. ज्योतिबा यादव, टेंपोचालक. सही करण्यापूर्वी त्यांनी एकच अट घातली, ती त्यांच्याच शब्दांत लिहितो: "सही करतो, पर फोटो काडायचा न्हाई."