सिंकखालचा पेला

आत्ये, इथूनच तुझ्या पाया पडतो.

हे पत्र पाठवणार नाही. शेजारची संजना तुला वाचून दाखवील आणि अख्ख्या आळीत बोभाटा करील.

दुबईत अल बर्शातल्या एका पुणेकर घरी स्वैपाकाला लागलोय. आधी खोर फक्कानला बंदरावर होतो. तिथला समुद्र पार आपल्या गुहागरसारखा, पण ते राहू दे. पहिल्या दिवशी विभावरी मॅडम जेवण छान झालं म्हणाल्या. मग आडनाव विचारलं, आणि चहा वेगळ्या पेल्यात दिला. "हा सिंकखाली ठेवत जा." व्हिसा त्यांच्या हातात. बोललो तर खलास, थेट घरी.

पण चिपळूणला वकीलबाईंसमोर तू असाच पेला पालथा घालून काम सोडलं होतंस, ते आठवलं.

म्हटलं, "मॅडम, माझ्या हातचं जेवण चालतं, मग पेला का वेगळा?"

साहेब हसले. "विभा, दे आता उत्तर!"

 मॅडमनी त्यांच्या सेटमधला कप काढून माझ्यापुढे ठेवला.

आत्ये, तुझं काम गेलं होतं, माझं राहिलं. तेवढं बोलायचं बळ माझ्यात तुझ्याकडूनच आलं. चहा मात्र फार गोड होता गं.

तुझ्या हातचं खाऊन वाढलेला,
गणू