पाय ओढला म्हणजे दुखलं असं नाही

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तासगावच्या त्या फौजी सुभेदारांच्या कुत्र्याबद्दल तुमच्याशी एकदा बोलायचं होतं, ते राहूनच गेलं. आज मलकापूरच्या माझ्या दवाखान्यात मणक्याला मार बसलेलं एक कुत्रं आलं. मागचे दोन्ही पाय लुळे. मालकीण म्हणाली, "आवं, बोट चिमटलं की पाय ओढतंय की! मग चालंल न्हवं?" आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य बाहेर पडलं, पाय ओढला म्हणजे दुखलं असं नाही. बाईंचा चेहरा उतरला. मला मात्र तुम्ही आठवलात.

सांगलीहून रोज तासगावला तुमच्या दवाखान्यात यायचे, तेव्हा नवीन असताना मीही असंच एकदा पाय ओढलेला बघून आनंदानं ओरडले होते. तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "शाब्बास! आता त्या कुत्र्यालाही सांग तसं." मग चहा गार होईपर्यंत समजावलंत. पाय मणक्याच्या हुकमानं ओढला जातो, कुत्र्याला त्याचा पत्ताही नसतो. दुखणं डोक्यापर्यंत पोचलं का, ते त्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. म्हणून तुमची ती पद्धत. एकानं बोट चिमट्यात धरायचं, दुसऱ्यानं डोकं हातात. चकार शब्द न बोलता दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, आणि चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासायचं. "माझं ऐकूनच लिहायचं असेल तर मी एकटा पुरेसा आहे की," असं तुम्ही बजावायचात. मला तेव्हा हा सगळा उगाच खटाटोप वाटायचा.

सुभेदारांचं कुत्रं द्राक्षांच्या ट्रॅक्टरखाली सापडलं, ती शनिवारची दुपार. तुमचं ते शेवटचं वर्ष, हात थरथरायला लागले होते. कुत्रं टेबलावर आडवं आहे, डोकं माझ्या हातात. तुम्ही चिमटा दाबता. ते ओरडत नाही, मान वळवत नाही. पण माझ्या तळव्याखाली त्याचा श्वास अडकतो आणि कान मागे जातात. तुम्ही पुन्हा दाबता, पुन्हा तसंच. आणि मी कागद घ्यायच्या आतच तुम्ही, आयुष्यात पहिल्यांदाच, मोठ्यानं बोलून गेलात, "संपलंय गं सगळं." मी चिठ्ठीवर लिहिलं, संवेदना नाही.

सुभेदार टेबलाजवळ आले. मग तुम्हाला सोडून त्यांनी मलाच विचारलं, "आवं डॉक्टरीणबाई, तुमचं बी त्येच म्हननं हाय का? लय गुणाचं हाय वो. तुमी म्हनला तर मी जल्मभर उचलून फिरवीन." मी म्हणाले, "हो, तेच." त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि तुम्ही शेवटचं इंजेक्शन दिलंत.

तो श्वास दुखण्यानं अडला, की परक्या हातांच्या भीतीनं, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित ते कधीच चाललं नसतं. पण सकाळी पुन्हा तपासायला हवं होतं, हे मला तेव्हाच कळत होतं. इतकी वर्षं मी स्वतःला बजावत आले, की सरांचा शब्द खाली पडू नये म्हणून मी गप्प राहिले. थकलेल्या गुरूला त्याच्याच दवाखान्यात खोटं कसं पाडायचं? ऐकायला किती बरं वाटतं! तुमच्या थरथरत्या हातांवर सगळं ढकलून मी मोकळी झाले. आज चिडून लिहायला बसले तीही तुमच्यावरच, की तुम्ही आधी बोललातच का.

हे तुमच्या घरी पाठवून काकूंना कशाला त्रास देऊ. इथंच फाडून टाकीन, म्हणून खरं लिहिते. आदरबिदर काही नव्हता, सर. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि मला सांगलीहून परत यायचा कंटाळा आला होता.